वाळू फुकट, विमान महाग

पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बीच व्हॉलीबॉलची तिन्ही पदकं स्वीडन, जर्मनी आणि नॉर्वे यांनी नेली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, मेक्सिकोत जगज्जेती ठरली ती ओंद्रेय पेरुशिच आणि दाविद श्वाइनर ही झेक जोडी. झेक प्रजासत्ताकाला समुद्रच नाही. स्वित्झर्लंडलाही नाही, तरी तिथल्या महिलांनी टोकियो आणि पॅरिस अशी लागोपाठ दोन कांस्यपदकं मिळवली. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये दीवच्या घोघला किनाऱ्यावर बीच गेम्स भरले, तेव्हा पदकतालिकेत पहिला आला मध्य प्रदेश!

एवढं सगळं समोर असूनही आपल्याकडे या खेळाचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘एवढा मोठा किनारा लाभलाय, मग आपण कुठे आहोत?’ महाराष्ट्राचा किनारा सातशे किलोमीटरहून लांब, त्यात गोवा, त्यात केरळ, तमिळनाडू, अशी बेरीज सुरू होते. या बेरजेचा काडीचा उपयोग नाही. ऑलिंपिकचं मैदानसुद्धा किनाऱ्यावर असतंच असं नाही. १९९६ मध्ये बीच व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं ते अटलांटाजवळ, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. २०१२ ला लंडनमध्ये लष्करी संचलनाच्या हॉर्स गार्ड्स परेडवर वाळू ओतली गेली, पॅरिसमध्ये आयफेल टॉवरसमोर. किमान ४० सेंटिमीटर खोल वाळू पसरायची, स्पर्धा संपली की उचलून न्यायची. या खेळात लागणाऱ्या सगळ्या गोष्टींत वाळू सगळ्यात स्वस्त.

महाग आहे ते वेगळंच. या खेळाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था अशी लावलेली आहे की आपण चांगले आहोत हे सिद्ध करण्याची संधीच आधी विकत घ्यावी लागते, आणि ती विमानाच्या तिकिटांच्या भावानं मिळते. ही व्यवस्था बदलायला हवी आणि ती बदलता येते, असं माझं मत आहे.

खेळ थोडक्यात सांगतो. मैदान १६ बाय ८ मीटर, म्हणजे इनडोअरपेक्षा लहान. पण तिथे सहा जण जे करतात ते इथे दोघांनी करायचं, तेही पाय रुतणाऱ्या वाळूत, वारा आणि ऊन सोसत. २१ गुणांचे दोन सेट, बरोबरी झाली तर १५ चा तिसरा. ब्लॉकला लागलेला बॉल पहिला टच धरला जातो, त्यामुळे पुढे दोनच टच उरतात. इनडोअरसारखी बोटांच्या टोकांनी हळूच टिप टाकायची सोय नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बदली खेळाडू नाही. टोकियोत झेक प्रजासत्ताकाची मार्केता स्लुकोव्हा कोविड पॉझिटिव्ह निघाली आणि तिची जोडीदार बार्बोरा हर्मानोव्हा चांगली धडधाकट असूनही दोघींना एकही सामना न खेळता स्पर्धा सोडावी लागली.

इथवरचं टीव्हीवर दिसतं. पडद्यामागे ही जोडी म्हणजे दोन माणसांचा स्वतंत्र धंदा असतो. इनडोअरच्या खेळाडूला क्लब पगार देतो, फिजिओ देतो, बस देतो. बीचवर बहुतेक जोड्या प्रशिक्षक स्वतः नेमतात, प्रायोजक स्वतः शोधतात, हॉटेल स्वतः बुक करतात. महासंघ किंवा सरकार हात देतं अशा देशांत ओझं हलकं होतं. इतरत्र ते घरच्यांवर येतं. एका बाबतीत मात्र ही जोडी अजिबात स्वतंत्र नाही: आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नाव घालायचं तर ते राष्ट्रीय संघटनेमार्फतच जावं लागतं. खर्च खेळाडूचा आणि सही संघटनेची, असा हा व्यवहार आहे. २०१६ च्या अखेरीला आंतरराष्ट्रीय महासंघानं भारतीय व्हॉलीबॉल महासंघाला अंतर्गत गटबाजीमुळे निलंबित केलं होतं. पुढे ते निलंबन उठलं; पण अशा भांडणात किंमत मोजतो तो सरावाला उतरलेला पोरगा, ज्याला संघटनेचा अध्यक्ष कोण याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आता शिडी पाहू. २०२२ पासून जागतिक मालिकेला तीन पायऱ्या आहेत. तळाला फ्युचर्स, मधे चॅलेंज, वर एलिट. वरच्या पायरीवर बक्षिसं मोठी, प्रेक्षक मोठे, कॅमेरे मोठे. पुरुष आणि महिलांना बक्षीस सारखं मिळतं, ही या खेळाची खरोखर चांगली बाजू. तळाच्या फ्युचर्समध्ये बक्षीस काही हजार डॉलरचं असतं आणि तेही अनेक जोड्यांत वाटलं जातं. दुसऱ्या खंडातून आलेल्या जोडीचा तिकिटाचा खर्च त्यातून निघत नाही. पण गुण तिथूनच सुरू होतात, त्यामुळे तिथे जाण्यावाचून इलाज नाही.

वरच्या स्पर्धेत प्रवेश गुणांवर ठरतो. गुण कमी असले की पात्रता फेरीत उतरावं लागतं, आणि तिथे हरलात की संपलं. आपल्याकडे गावोगावी रात्रीच्या दिव्यांत शूटिंग व्हॉलीबॉलच्या स्पर्धा होतात; फी भरा, पहिला सामना हरा आणि टेम्पोत बसून घरी या. इथेही तसंच, फक्त टेम्पोच्या जागी दोन विमानं आणि एक व्हिसा. जुन्या वर्ल्ड टूरमध्ये तर याहून गमतीदार प्रकार होता. एका देशाच्या ठरावीक जोड्यांनाच प्रवेश असे. जास्त आल्या तर आधी आपसात खेळून निकाल लावायचा. ब्राझील आणि अमेरिकेच्या जोड्या अर्धी पृथ्वी ओलांडून यायच्या, आपल्याच देशाच्या जोडीकडून हरायच्या आणि परतायच्या. त्यांच्याकडे पुन्हा येण्याइतका पैसा होता, म्हणून ते हसण्यावारी गेलं.

गुणांचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे, कारण खरी मेख तिथे आहे. प्रवेशासाठी गुण खेळाडूच्या नावावर साठतात आणि जोडीचे गुण म्हणजे दोघांची बेरीज. जुने गुण काळाबरोबर गळून पडतात. यातून जोडीदारांचा एक बाजारच उभा राहतो. ऑलिंपिक संपलं की जोड्या फुटतात आणि नव्या जुळतात. भरपूर गुणांचा अनुभवी खेळाडू एखाद्या उंच, विशीतल्या पोराला उचलतो आणि त्या पोराला तळाच्या पायऱ्या न चढता थेट वर प्रवेश मिळतो. ब्राझीलमध्ये, जर्मनीत, अमेरिकेत गुणवान पोरं अशी वर येतात. पैसा जसा पैशाला ओढतो तसा गुण गुणाला ओढतो. ज्या देशात कुणाच्याच नावावर गुण नाहीत तिथे कोण कुणाला उचलणार? तिथल्या प्रत्येक जोडीला शून्यापासून सुरुवात करावी लागते, आणि वर्षभर बाहेर पडता आलं नाही तर पुन्हा शून्याकडे. भारतासारख्या देशात चांगले खेळाडू नाहीत असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

ऑलिंपिकच्या क्रमवारीत नियम आणखी कडक. तिथे जोडीनं एकत्र मिळवलेले गुणच चालतात. पॅरिससाठी जानेवारी २०२३ ते जून २०२४ या काळातल्या सर्वोत्तम १२ कामगिऱ्या धरल्या गेल्या. बारा स्पर्धा, दोन खेळाडू आणि एक प्रशिक्षक: ३६ परतीची तिकिटं. काही स्पर्धा एका दौऱ्यात जोडता येतात हे खरं, पण मग मधल्या आठवड्यांचं हॉटेल आलं. शिवाय बाराच स्पर्धा खेळून सर्वोत्तम बारा होत नाहीत. वाईट निकाल टाकून द्यायचे तर त्याहून जास्त खेळावं लागतं. जो अठरा स्पर्धा खेळू शकतो त्याला सहा चुका माफ. जो बाराच खेळू शकतो त्याला एकही नाही. कौशल्य तेच धरलं तरी निकाल वेगळा लागतो.

यावर युरोपचं उदाहरण देतात. नॉर्वे, लाटविया हे छोटे देश वर आलेच ना? आले, आणि कौतुकास्पद आले. नॉर्वेच्या आंदेर्स मोलची आई १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये खेळलेली आहे आणि वडील प्रशिक्षक. घरातच खेळ होता. स्वीडनच्या दाविद ओमान आणि योनातान हेलविगनी तर जोडीदारासाठी बॉल उचलून द्यायचा तो हवेत उडी मारून, दुसऱ्या टचलाच मारायची हूल द्यायची, असं करून ब्लॉकरच्या वेळेचं गणित बिघडवून टाकलं. आता जगभरच्या जोड्या त्यांची नक्कल करतात. पण युरोपातल्या जोडीला वर्षभरात कितीतरी स्पर्धा रेल्वेच्या किंवा छोट्या विमानप्रवासाच्या अंतरावर मिळतात, व्हिसा लागत नाही, हरलं तरी रविवारी घरी. हा भूगोलाचा लाभ आहे. त्यांचा त्यात दोष नाही, पण याला खुली स्पर्धा म्हणू नये.

याच्या दुसऱ्या टोकाला वानुआतू आहे. प्रशांत महासागरातला तीन लाखांच्या आसपास वस्तीचा हा द्वीपसमूह. तिथल्या मिलर पाता आणि लिनलाइन माताउआतू या जोडीनं २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक जिंकलं. म्हणजे समोर सामना दिला की त्या जिंकू शकत होत्या. ऑलिंपिक मात्र त्यांच्या वाट्याला आलं नाही. ऑस्ट्रेलियाला पोचण्यासाठीही ज्यांना समुद्र ओलांडावा लागतो, त्यांनी गुण गोळा करत युरोपभर कसं हिंडायचं?

तिसरा मार्ग कतारनं दाखवला. शेरीफ युनूस मूळचा सेनेगलचा, अहमद तिजान गांबियाचा. दोघं कतारच्या जर्सीत खेळले, टोकियोत कांस्य मिळवलं, पॅरिसमध्ये चौथे आले. खेळ अप्रतिम. लोक देश बदलण्यावर नाक मुरडतात. मला त्यात खेळाडूंचा दोष दिसत नाही. पश्चिम आफ्रिकेला अटलांटिकचा मैलोन्‌मैल किनारा आहे, तिथे या दर्जाचे खेळाडू जन्मले. त्या देशांतून त्यांना या शिडीवर चढता आलं असतं का, हा प्रश्न आहे.

गुणांच्या व्यवस्थेचं समर्थन करणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. क्रमवारीमुळे वर्षभर सातत्य दाखवणारी जोडी ऑलिंपिकला जाते, एका दिवसाच्या नशिबावर कुणी जात नाही. ऑलिंपिकमध्ये २४ जोड्या, एका देशाच्या दोनच. त्यामुळे अमेरिकेची ट्रेव्हर क्रॅब आणि थिओ ब्रुनर ही तगडी जोडी पॅरिसला मुकली आणि खंडांच्या कोट्यातून आलेल्या काही जोड्या गटातच सगळे सामने हरून परतल्या. प्रेक्षकाला चांगला खेळ हवा असतो. २०२१ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्यापारी बाजूत सीव्हीसी ही गुंतवणूक कंपनी भागीदार आहे. तिला तर नावाजलेल्या जोड्या देखण्या शहरांत खेळताना हव्याच असणार.

पण सातत्य म्हणजेच दर्जा, हे गृहीतक इतिहासाला धरून नाही. अटलांटा १९९६ च्या वेळी अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं आणि आंतरराष्ट्रीय महासंघाचं जोरात वाजलं होतं. लीगवाल्यांचं म्हणणं, जगातले सर्वोत्तम आम्ही आहोत, तुमच्या दौऱ्यावर गुण वेचत कशाला फिरू? तोडगा निघाला तो असा: यजमान अमेरिकेच्या पुरुषांच्या तीन जोड्यांपैकी एक महासंघाच्या दौऱ्यातून, दोन देशांतर्गत चाचणी स्पर्धेतून. दौऱ्यातून आले सिंजिन स्मिथ आणि कार्ल हेंकेल. चाचणीतून आले कार्च किराली-केंट स्टेफ्स आणि माइक डॉड-माइक व्हिटमार्श. उपांत्यपूर्व फेरीत किराली-स्टेफ्सनी स्मिथ-हेंकेलना हरवलं, आणि सुवर्णपदकाचा सामना चाचणीतून आलेल्या दोन जोड्यांमध्येच झाला. महासंघाचे गुण नसलेली माणसं आली आणि अंतिम फेरी त्यांचीच ठरली.

ते अमेरिकन होते, त्यांचा अपवाद धरू नका असं कुणी म्हणेल. मग हाययांग घ्या. टोकियोच्या पात्रतेसाठी २०१९ मध्ये चीनमधल्या हाययांगला एकच स्वतंत्र पात्रता स्पर्धा घेतली गेली. पुरुष आणि महिला दोन्हींत दोन-दोन ऑलिंपिक जागा त्या मैदानावर वाटल्या गेल्या, आणि दोन्हीकडे एकेक लाटवियानं घेतली. टोकियोत या दोन्ही लाटवियन जोड्या उपांत्य फेरीपर्यंत गेल्या आणि चौथ्या आल्या. पात्रता स्पर्धेतून येणाऱ्यांचा दर्जा कमी असतो असं म्हणायला जागाच उरली नाही. तरीही पॅरिसच्या वेळी ही स्पर्धा वगळण्यात आली. क्रमवारीच्या जागा १५ वरून १७ झाल्या. बाकी एक यजमान, एक जगज्जेती जोडी आणि पाच खंडांना प्रत्येकी एक. जिथे समोरासमोर खेळून निकाल लागत होता तो दरवाजा बंद झाला आणि तिकिटांनी उघडणारा दरवाजा रुंद झाला.

खंडाची एक जागा उरते, ती काँटिनेंटल कपमधून. ही पद्धत मला मनापासून आवडते. यात देश विरुद्ध देश असा सामना होतो, प्रत्येकाच्या दोन जोड्या, बरोबरी झाली तर गोल्डन मॅच, म्हणजे एक निर्णायक सामना. जागा देशाला मिळते, जोडीला नाही. आशियाच्या गटात मात्र चीन, जपान, ऑस्ट्रेलिया, कतार, थायलंड, इराण अशी सगळी मंडळी एका जागेसाठी उभी असतात. क्रमवारीतून आधीच जागा मिळवलेले वगळले तरी उरणारे काही दुबळे नसतात.

दरवाजा उघडला की माणसं येतात, याचा पुरावा याच खेळात आहे. २०१२ च्या सुमारास महिलांच्या पोशाखाचा नियम सैल झाला; बिकिनीची सक्ती गेली, चड्डी आणि बाह्यांचा टॉप चालू लागला. त्याआधी कित्येक देशांतल्या मुलींना हा खेळ घरी सांगायचीही सोय नव्हती. २०१६ ला रिओत इजिप्तची दुआ अल-घोबाशी हिजाब घालून जर्मन जोडीविरुद्ध खेळली, तो फोटो जगभर फिरला. बहुतेक ठिकाणी त्या फोटोचं ‘दोन संस्कृती’ असं सवंग कौतुक झालं. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: हीच दुआ २०२४ ला पॅरिसमध्ये पुन्हा होती. दोन्ही वेळा ती आफ्रिकेच्या जागेवरून आली. एक नियम बदलायला महासंघाला दमडी लागली नव्हती, आणि एका देशात हा खेळ आठ वर्षं टिकला.

मग आत्ता काय करता येईल? महासंघाकडे दोन मागण्या. हाययांगसारखी पात्रता स्पर्धा परत आणा आणि त्यासाठी क्रमवारीच्या जागा कमी करा. आणि फ्युचर्सच्या पायरीवर दुसऱ्या खंडातून येणाऱ्या जोडीच्या राहण्या-जेवणाची जबाबदारी आयोजकांवर टाका. बक्षीस वाढवून हे साधणार नाही, कारण बक्षीस शेवटी जिंकणाऱ्यालाच मिळतं, आणि अडचण आहे ती पहिल्यांदा येणाऱ्याची.

आपल्याकडे मात्र महासंघाच्या आधी स्वतःला विचारायला हवं. किनाऱ्यावर महोत्सव भरवणं वाईट नाही. दीवमध्ये व्हॉलीबॉलबरोबर मल्लखांब होता, रस्सीखेच होती, गर्दी होती, मजा आली. पण तिथे जिंकलेल्या पदकानं जागतिक क्रमवारीत एकाही गुणाची भर पडत नाही. त्याच वाळूवर फ्युचर्स दर्जाची स्पर्धा भरवली तर पडते. यजमान देशाला स्वतःच्या जोड्या उतरवण्याची सवलत मिळते. पोरांना विमानात न बसता घरच्या मैदानावर गुण मिळतात. थायलंडनं सोंखला, रोई एत, चिआंग माई अशा ठिकाणी वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या, फिलिपिन्सनं नुवालीला भरवल्या. यातलं चिआंग माई डोंगराळ भागात आहे आणि रोई एत समुद्रापासून बरंच आत. नागपूरला किंवा सोलापूरला हे करायला काही हरकत नाही, कोकणातली वाळू उपसायचीही गरज नाही.

आणि काँटिनेंटल कपसाठी एका बाजूला दोन जोड्या लागतात. पुरुषांच्या दोन, महिलांच्या दोन, एकूण आठ खेळाडू. दर वर्षी नवी निवड चाचणी आणि नवी नावं हा आपला खाक्या इथे घातक ठरतो, कारण जोडी बदलली की ऑलिंपिकच्या क्रमवारीत पाटी कोरी होते. आठ जणांना सलग तीन वर्षं एकत्र ठेवणं आणि आशियाभर खेळवणं हा खर्च एखाद्या राज्याच्या क्रीडा खात्याला झेपणार नाही इतका मोठा नक्कीच नाही. महाराष्ट्रानं किंवा गोव्यानं हे केलं तर दिल्लीची वाट पाहावी लागणार नाही. फक्त प्रवेशिकेवर राष्ट्रीय संघटनेची सही लागेल, आणि ती वेळेवर मिळावी यासाठी भांडावं लागेल.

ब्रिस्बेन २०३२ चे पात्रतेचे नियम अजून लिहायचे आहेत. प्रशांत महासागरातले देशही ज्यात येतात त्या आशियाई व्हॉलीबॉल महासंघाच्या बैठकीत भारताला एक मत आहे, वानुआतूलाही एक आहे, आणि या बाबतीत दोघांचं हित एकच आहे.